नऊ ओरखडे: ही गोळी त्याच बंदुकीची, हे ठरवतं कोण?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच फर्माईश केली, 'क्राइम सीरिजमध्ये दाखवतात ते खरं असतं का?' म्हणजे ते हो, कॉम्प्युटरवर दोन गोळ्यांचे फोटो फिरतात, टुंग आवाज येतो आणि हिरव्या अक्षरांत 'मॅच' असं उमटतं. मी क्राइम एक्स्पर्ट वगैरे नाही. बीटेक, सॉफ्टवेअर इंजिनिअर. पण दोन फोटोंतली वस्तू एकच आहे का, हे मशीनला ओळखायला शिकवणं हेच माझं रोजचं काम आहे. फरक एवढाच की माझ्याकडे चुकलं तर एखाद्या ऑनलाइन दुकानात एकच कुर्ता दोनदा दिसतो. आजच्या गोष्टीत चुकलं तर माणूस विजेच्या खुर्चीत बसतो.

आणि एक जण खरंच बसणार होता. तिथूनच सुरुवात करू.

साल १९१५. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातलं वेस्ट शेल्बी नावाचं खेडं. एक म्हातारा शेतकरी आणि त्याचं घर सांभाळणारी बाई, दोघांचा गोळ्या घालून खून होतो. संशय येतो समोरच राहणाऱ्या चार्ल्स स्टीलो या शेतमजुरावर. माणूस साधा, लिहिण्या-वाचण्याच्या बाबतीत जेमतेम. त्याच्याकडे एक .२२ चं रिव्हॉल्व्हर सापडतं. पोलीस त्याच्याकडून कबुलीजबाब काढून घेतात, आणि मग सरकारी पक्ष एक 'तज्ज्ञ' उभा करतो, अल्बर्ट हॅमिल्टन. हा गृहस्थ पूर्वी औषधं विकायचा आणि स्वतःच्या नावापुढे स्वतःच 'डॉक्टर' लावायचा.

हॅमिल्टननं कोर्टात सांगितलं, स्टीलोच्या रिव्हॉल्व्हरच्या तोंडाशी नऊ ओरखडे आहेत आणि मृतदेहांतून काढलेल्या गोळ्यांवरही नेमके तेच नऊ ओरखडे आहेत. मोठे करून काढलेले फोटो ज्युरीपुढे ठेवले. फोटोत कुणालाच काही दिसेना. तेव्हा उत्तर मिळालं की चुकून गोळीच्या दुसऱ्या बाजूचा फोटो निघालाय, आणि तसंही हे ओरखडे तज्ज्ञाच्या नजरेलाच दिसतात. ज्युरीनं मान डोलावली. शिक्षा, मृत्युदंड.

शिक्षेच्या अंमलबजावणीला जेमतेम चाळीस मिनिटं उरली असताना स्थगिती आली. मग राज्याच्या गव्हर्नरनं चौकशी नेमली. त्या चौकशीत चार्ल्स वेट नावाचा एक सरकारी कर्मचारी होता. त्यानं फार साधी गोष्ट केली. स्टीलोच्या रिव्हॉल्व्हरमधून नव्यानं गोळ्या झाडायला लावल्या आणि त्या खुनातल्या गोळ्यांशेजारी ठेवल्या. पुढे बॉश अँड लॉम्ब या भिंगं बनवणाऱ्या कंपनीतल्या मॅक्स पोझरनं त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. नऊ ओरखडे कुठेच नव्हते. उलट खुनातल्या गोळ्यांवर नळीतल्या दोषाची अशी खूण होती, जी स्टीलोच्या नळीत नव्हतीच. १९१८ मध्ये स्टीलो सुटला.

आता जरा थांबून ही खूण येते कुठून ते बघू, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल.

पिस्तुलाच्या किंवा रायफलच्या नळीत आतून आटे पाडलेले असतात. नटाला असतात तसेच, पण खूप ताणलेले. त्यामुळे गोळी गरगर फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते. या आट्यांमध्ये एक खाच, एक उंचवटा, पुन्हा एक खाच, असा क्रम असतो. गोळी नळीपेक्षा केसभर जाड असते, त्यामुळे जाताना ती घासत, दबत जाते आणि उंचवट्यांचे पट्टे तिच्या अंगावर उमटतात. पट्टे किती, किती रुंद, डावीकडे वळणारे की उजवीकडे, हे त्या मॉडेलच्या सगळ्या बंदुकांत सारखंच असतं. त्यावरून फार तर कंपनी आणि मॉडेल कळेल.

खरी गंमत त्या पट्ट्याच्या आत आहे. सुताराच्या रंध्याच्या पात्याला बारीकशी खाच पडली असेल, तर तासलेल्या प्रत्येक फळीवर तीच रेघ उमटते. नळी बनवणाऱ्या हत्यारातले दोष, नंतर लागलेला गंज, वापरातली झीज, या सगळ्यामुळे नळीचा प्रत्येक उंचवटा हा असाच एक खराब रंधा असतो. गोळीवर त्याच्या बारीक समांतर रेघा उठतात. या शास्त्राचा पाया इतकाच आहे की हा रेघांचा नमुना एका नळीचा दुसरीसारखा नसतो आणि एकाच नळीचा गोळीगणिक फारसा बदलत नाही. दोन्ही वाक्यं पटण्यासारखी आहेत. पण पटणं आणि मोजणं यात अंतर आहे, आणि ते अंतर कापायला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

स्टीलो प्रकरणानं वेट इतका हादरला की त्यानं पुढची वर्षं कारखान्यांकडून बंदुकांची मापं गोळा करण्यात घालवली. १९२५ मध्ये न्यूयॉर्कला चौघांनी मिळून एक ब्यूरो काढला, त्यात वेट आणि कॅल्विन गोडार्ड हा लष्करी डॉक्टर होता. त्यांच्यातल्याच फिलिप ग्रॅव्हेलनं गोळ्यांसाठी कम्पॅरिझन मायक्रोस्कोप तयार केला. दोन सूक्ष्मदर्शक, वर एक जोडपूल आणि डोळा लावायला एकच जागा. अर्ध्या वर्तुळात एक गोळी दिसते, अर्ध्यात दुसरी. गोळ्या फिरवत राहायच्या आणि मधल्या रेषेवर रेघेला रेघ जुळते का बघायचं. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत मूळ कल्पना तीच आहे.

गोडार्डचं नाव झालं ते दोन प्रकरणांमुळे. १९२९ च्या व्हॅलेंटाईन डेला शिकागोत सात जणांना भिंतीशी उभं करून मारलं. मारेकऱ्यांपैकी काही पोलिसांच्या वेशात होते, म्हणून गोडार्डनं आधी पोलिसांच्याच टॉमी गन तपासून बाजूला काढल्या. मग त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये एका गुंडाच्या घरी दोन टॉमी गन सापडल्या आणि त्या जुळल्या. हे यश निर्विवाद.

दुसरं प्रकरण मात्र मला जास्त विचार करायला लावतं. साको आणि व्हान्झेटी, अमेरिकेत आलेले दोन इटालियन अराजकवादी, दरोडा आणि खुनाचा आरोप. १९२७ मध्ये गोडार्डनं सांगितलं की एक जीवघेणी गोळी साकोच्या कोल्ट पिस्तुलातूनच सुटली आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोघांना मृत्युदंड दिला गेला. १९६१ आणि १९८३ साली पुन्हा तपासण्या झाल्या, त्यांनीही गोडार्डलाच दुजोरा दिला. तरी वाद मिटला नाही. कारण बचावाच्या बाजूचे लोक म्हणत होते की कोर्टात ठेवलेली गोळी मृतदेहातली आहेच कशावरून? बदलली असेल तर? सूक्ष्मदर्शक या प्रश्नाचं उत्तर देऊच शकत नाही. (आणि हो, या खटल्यात मध्येच पिस्तुलांच्या नळ्यांची अदलाबदल झाल्याचं न्यायाधीशांच्या लक्षात आलं होतं. नळ्या हाताळणारा तज्ज्ञ कोण? आपलाच अल्बर्ट हॅमिल्टन. स्टीलो प्रकरणानंतरही त्याची दुकानदारी चालूच होती.)

आता माझ्या आवडीच्या माणसाकडे येतो. त्याच्यावर सिनेमा निघणं शक्य नाही, कारण त्यानं फक्त रेघा मोजल्या. आल्फ्रेड बियासोट्टी. १९५९ मध्ये त्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. .३८ च्या रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या झाडून त्यानं एकेक रेघ मोजली. एकाच रिव्हॉल्व्हरच्या दोन शिशाच्या गोळ्या घेतल्या, तर साधारण ३६ ते ३८ टक्के रेघा जुळल्या. हो, एकाच बंदुकीच्या असूनही फक्त एवढ्याच! आणि वेगवेगळ्या रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या घेतल्या तर? १५ ते २० टक्के, निव्वळ योगायोगानं.

हे ऐकल्यावर हॅमिल्टनचे 'नऊ ओरखडे' आठवा. समजा ते खरंच दिसले असते, तरी त्यांचा अर्थ काय? दोन परक्या गोळ्यांवरही सुट्या सुट्या रेघा भरपूर जुळतात. नऊ हा आकडा मोठा की छोटा, हे कळायला आधी योगायोगानं किती जुळतात ते माहीत हवं. बियासोट्टीच्या लक्षात आलं की जुळलेल्या रेघा एकूण किती यापेक्षा सलग किती, हे महत्त्वाचं आहे. परक्या गोळ्यांवर सलग जुळणाऱ्या रेघांची माळ तीन-चारच्या पुढे जात नव्हती. पुढे १९९७ मध्ये त्यानं आणि जॉन मर्डॉकनं एक ढोबळ कसोटी मांडली. रेघांची खोली दिसत असेल तर सलग सहाचा एक गट किंवा तीन-तीनचे दोन गट जुळले पाहिजेत.

कुणी म्हणेल, यात काय मोठं? पण जुळलेलं दाखवणं सोपं असतं. न जुळणाऱ्या शेकडो जोड्या समोर मांडून त्यांत योगायोग किती हे मोजायला बसणं, हे कंटाळवाणं काम आहे. माझ्या क्षेत्रातही अर्धा वेळ यातच जातो, डेमोत मात्र ते कुणी दाखवत नाही.

मग आला कॅमेरा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातल्या एका कंपनीनं गोळ्यांच्या प्रतिमा साठवून त्यांत शोध घेणारी यंत्रणा बनवली, नाव 'बुलेटप्रूफ'. मग त्यात पुंगळ्या आल्या आणि पुढे तिला 'आयबिस' हे नाव मिळालं. एफबीआयची 'ड्रगफायर' ही प्रतिस्पर्धी यंत्रणाही होती. शेवटी अमेरिकेत आयबिस टिकली आणि देशभराचं जाळं झालं.

एक गोष्ट नीट ऐका, कारण सीरिजवाले इथेच फसवतात. ही यंत्रणा 'मॅच' असं म्हणत नाही. ती साम्याचा एक गुण देते आणि एक क्रमवारी लावते. गूगलवर शोधल्यावर पहिल्या पानावर दहा निकाल येतात ना, तसं. खरा जोडीदार वरच्या काहींत असेल अशी आशा. मग माणूस कपाटातून मूळ गोळ्या काढतो आणि गोडार्डच्याच पद्धतीनं मायक्रोस्कोपला डोळा लावतो.

आणि डेटाबेस जितका मोठा, तितकं हे अवघड. लाख जणांत शोधलं तर तुमच्यासारखा दिसणारा कुणीतरी निघणारच, आणि दहा लाखांत तर जुळा भाऊच वाटावा असा निघेल. मेरीलँड राज्यानं हे पैसे मोजून शिकून घेतलं. २००० सालापासून त्यांनी कायदा केला, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या हँडगनची एक झाडलेली पुंगळी सरकारकडे जमा करायची. पंधरा वर्षांत तीन लाखांवर पुंगळ्या आणि सुमारे ५० लाख डॉलर खर्च. २०१५ मध्ये योजना बंद केली, कारण तिच्या जोरावर एकही गुन्हा उलगडला नव्हता. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं २००८ मध्येच सांगितलं होतं की देशभर असा सगळ्या नव्या बंदुकांचा साठा करू नका.

साध्या फोटोचा आणखी एक त्रास होता, प्रकाशाचा. गोळीवरची रेघ म्हणजे काही मायक्रॉनची घळ. दिवा जरा डावीकडे सरकवला की सावल्या बदलतात आणि तीच रेघ दिसेनाशी होते. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात रस्त्यावरचे खड्डे उठून दिसतात आणि दुपारी बारा वाजता सपाट वाटतात, तसंच. म्हणून पुढची पिढी थ्रीडीकडे वळली. रंग-प्रकाश सोडा, थेट उंची-खोली मोजा.

इथे मला खऱ्या अर्थानं मजा आली. अमेरिकेची मानकं ठरवणारी संस्था 'निस्ट' हिनं अशा थ्रीडी मापनांचा साठा सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. आयोवा स्टेट विद्यापीठातल्या एरिक हेअर, हाइके हॉफमन आणि अ‍ॅलिसिया कॅरिक्विरी यांनी २०१७ मध्ये त्यावर काम प्रसिद्ध केलं आणि त्यांच्या गटाचा कोडही खुला आहे. मी ते मापन उतरवून पाहिलं. एका पट्ट्याचा आडवा छेद घेतला की जो आलेख दिसतो तो थेट गाडीतून दिसणाऱ्या सह्याद्रीच्या कडेसारखा, सुळके, खिंडी, पठारं.

पद्धत सांगतो. गोळी गोल असते, त्यामुळे आधी तो बाक वजा करायचा, म्हणजे फक्त रेघांचे चढउतार उरतात. कडेच्या खाचांचा भाग कापून टाकायचा. मग दोन आलेख एकमेकांवर सरकवत सर्वांत छान कुठे बसतात ते शोधायचं. त्यावरून काही मापं काढायची: एकूण साम्य किती, सुळके किती जुळले, आणि सलग किती जुळले. हो, बियासोट्टीच्याच सलग रेघा! ही मापं मशीनला द्यायची आणि गुण काढायला शिकवायचं.

आता समजा नळीत सहा उंचवटे आहेत. मग प्रत्येक गोळीवर सहा पट्टे, आणि कुठला पट्टा कुठल्याचा हे माहीत नाही. म्हणून ३६ तुलना करायच्या. गोळ्या खरंच एकाच नळीतल्या असतील तर त्या सहा बाय सहाच्या चौकटीत सहा खाने एका तिरप्या रांगेत उजळतात. एखादा पट्टा चुकून जुळला तर तो कुठेतरी एकटाच चमकतो. ही तपासणी मला फार आवडली, कारण इथे योगायोगाला सहा वेळा, तेही क्रमानं, घडावं लागतं.

त्यांच्या चाचणीत निकाल जवळपास बिनचूक आला. टाळ्या वाजवायच्या आधी चाचणी कसली होती ते ऐका. एकाच मॉडेलच्या, कारखान्यात एकापाठोपाठ एक बनलेल्या दहा नळ्या. हे कठीण आहे, कारण अशा नळ्या भावंडांसारख्या असतात. पण गोळ्या सुस्थितीतल्या. खुनातली गोळी हाडावर आपटते, भिंतीत घुसते, चेपते. सहापैकी दोनच पट्टे उरले तर ती सुंदर तिरपी रांग कुठून आणायची?

याच दहा नळ्यांवर माणसांचीही परीक्षा झाली होती. पाचशेहून जास्त परीक्षक, चुकीची जोडी एकही नाही. यावर टीका अशी झाली की त्या संचात प्रत्येक अनोळखी गोळीचा जोडीदार समोर होताच. 'जोड्या लावा'मध्ये शेवटची जोडी आपोआप लागते, शाळेत आपण सगळ्यांनीच तो फायदा घेतलाय.

मग जास्त कडक परीक्षा झाली, २०२३ मध्ये निकाल छापून आले. १७३ परीक्षक, जोडीदार असेलच अशी हमी नाही. परक्या गोळ्यांना 'एकाच बंदुकीच्या' म्हणण्याची चूक एक टक्क्यापेक्षा कमी. छान वाटतं. पण बऱ्याच वेळा शेरा होता 'सांगता येत नाही'. आणि तीच जोडी दुसऱ्या परीक्षकाला दिली तेव्हा परक्या गोळ्यांच्या बाबतीत दोघांचा शेरा तीनात एकदाही धड जुळला नाही. शेऱ्यांचे पर्याय पाच असतात, त्यात 'सांगता येत नाही'च्याच तीन पायऱ्या, हे खरं. पण आरोपीच्या पिंजऱ्यात उभं असलेल्याला त्या पायऱ्यांतला फरक फार मोठा असतो.

याच अभ्यासांचा कीस काढत जून २०२३ मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयानं अब्रुक्वा खटल्यात ४ विरुद्ध ३ असा निकाल दिला. गोळ्या आणि बंदूक यांत विसंगती नाही, असं तज्ज्ञ सांगू शकतो. पण 'या गोळ्या याच बंदुकीतून सुटल्या' असं ठाम, बिनशर्त सांगायची परवानगी द्यायला नको होती.

आपल्याकडे काय? २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापूरला कॉ. गोविंद पानसरे, त्याच ऑगस्टमध्ये धारवाडला प्रा. एम. एम. कलबुर्गी, २०१७ मध्ये बंगळुरूत गौरी लंकेश. हत्यारं तीच होती का, हा तपासातला कळीचा प्रश्न होता. कर्नाटकच्या विशेष तपास पथकानं प्रयोगशाळेच्या अहवालावरून सांगितलं की कलबुर्गी आणि लंकेश यांना एकाच पिस्तुलानं मारलं. पण दाभोलकर प्रकरणात २०१६ मध्ये सीबीआयनं मुंबई उच्च न्यायालयाला सांगितलं की प्रयोगशाळांच्या अहवालांत मेळ नाही, म्हणून गोळ्या स्कॉटलंड यार्डकडे पाठवायच्या आहेत. पुढे तिकडून नकार आला, अशी माहिती देवाणघेवाण करण्याचा करार दोन देशांत नव्हता. मे २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयानं दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडलं.

अहवाल वेगळे आले की आपल्याकडे लगेच 'कुणीतरी विकलं गेलं' अशी चर्चा होते. मला वाटतं आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. अहवालात किती पट्टे पाहिले, सलग किती रेघा जुळल्या, आणि परक्या बंदुकांत तेवढ्या किती वेळा जुळतात, हे लिहिलंय का? नुसतं 'जुळतात' किंवा 'जुळत नाहीत' एवढंच असेल तर दोन प्रयोगशाळांतला वाद सोडवायला कुणाकडेच पट्टी नसते, भले तिसरी प्रयोगशाळा लंडनची असो.

आणि आपली खास अडचण, देशी कट्टा. गावठी बनावटीच्या कितीतरी हत्यारांच्या नळीला आटेच नसतात, लोखंडी पाईपच तो. गोळी त्यात सैल बसते, डुगडुगत, कधी या अंगाला तर कधी त्या अंगाला घासत जाते. म्हणजे एकाच कट्ट्याच्या दोन गोळ्यांवरच्या रेघा एकमेकींशी जुळतील याची खात्री नाही. वर सांगितलेली सहा बाय सहाची चौकट इथे कोरीच राहते, कारण पट्टेच नाहीत. अमेरिकी कारखान्यातल्या दहा नळ्यांवर शिकलेलं मॉडेल उचलून इथे लावलं तर ते काहीतरी गुण देईलच, मशीन कधी गप्प बसत नाही. तो गुण कोर्टात न्यायच्या लायकीचा नसेल, इतकंच.

अशा वेळी तपास गोळीवरून पुंगळीवर सरकतो. पुंगळीच्या बुडाला घोड्याच्या टोकाचा ठसा असतो, मागच्या भिंतीचा ठसा असतो, आणि कानशीनं हातानं घासलेल्या कट्ट्याची मागची भिंत कारखान्यातल्या बंदुकीपेक्षा कितीतरी खडबडीत असते. तो ठसा थ्रीडीत मोजून बारीक चौकोनांत कापायचा आणि एकेक चौकोन जुळवायचा, अशी एक पद्धत निस्टच्या लोकांनी बसवली आहे. पुढचा भाग पूर्ण त्यावरच करू.